चालू वर्षाची ओळ

१

रविवारी चर्चमधून घरी आलो की मी टोमॅटोचं सूप गरम करतो, ते उभ्याउभ्याच पितो आणि मागच्या खोलीत जाऊन बसतो. तिथे माझी बेसबॉलची कार्डं आहेत. एकोणीसशे अठ्ठेचाळीस ते साठ सालातली, च्युइंगमच्या पाकिटातून निघालेली, एकूण सोळा अल्बम. बायको होती तोवर ती या खोलीला सवतीचं घर म्हणायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली, सवत अजून ठणठणीत आहे.

बाकीचे लोक कार्डाची पुढची बाजू बघतात. चेहरा, टोपी, रंग, कोपरे शाबूत आहेत का, हे. मी पाठ वाचतो. पाठीवर खेळाडूचा जन्म, उंची, वजन, मग वर्षावार तक्ता असतो: कुठल्या गावाकडून खेळला, किती सामने, किती फटके, सरासरी किती. तळाशी एखादं वाक्य असतं. याला मासेमारीचा नाद आहे, त्याला पियानो वाजवता येतो, असलं काहीतरी. चाळीस वर्षं आमच्या वेस्ट हॅरो गावात औषधाचं दुकान चालवून मी डॉक्टरांची अक्षरं वाचली आहेत, त्यामुळे बारीक छपाईचं मला काही वाटत नाही.

सगळ्यात शेवटी मी एकच कार्ड काढतो. साल चोपन्न, क्रमांक एकशे सत्त्याऐंशी, डेल्मर हॅस्क्यू, तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक. हा माझा थोरला भाऊ. त्याच्या तक्त्यात तीन ओळी आहेत. एक्कावन्न साली झेन्सव्हिल, बावन्न साली इव्हान्सव्हिल, आणि त्रेपन्न साली, हंगामाच्या अगदी शेवटी, मोठ्या लीगमधले चौदा सामने. एक्केचाळीस वेळा फलंदाजी, अकरा फटके, सरासरी .२६८. खाली वाक्य आहे: 'हिवाळ्यात डेल्मर घरी असतो आणि धाकट्या भावाला खेळ शिकवतो.' तो धाकटा भाऊ मी, ऑरिन. छापील जगात माझा एवढाच उल्लेख आहे.

पुढच्या सालचं कार्ड, चौथी ओळ असलेलं, कधी निघालंच नाही, त्याचं कारणही मीच. चोपन्नच्या जुलैत मला पोलिओ झाला, आठ वर्षांचा होतो. वडील आधीच गेले होते, आई लॉंड्रीत कामाला होती. डेल्मर संघाबरोबर सेंट लुईसला होता. त्याला तार गेली आणि तो हंगाम अर्धा टाकून आला. कोलंबसच्या इस्पितळात मला श्वासाच्या लोखंडी यंत्रात ठेवलं होतं, फक्त डोकं बाहेर. यंत्र एका तालात छाती ओढायचं आणि सोडायचं, आणि मी भेदरून त्याच्या उलट श्वास घ्यायचो. डॉक्टरांनी आशा सोडली होती. डेल्मर माझ्या डोक्याशी स्टुलावर बसला आणि त्याने कार्डांच्या पाठी वाचायला सुरुवात केली. यंत्राने ओढलं की एक आकडा, सोडलं की दुसरा. तिसऱ्या दिवशी माझा श्वास त्या आकड्यांमागून चालायला लागला.

पुढे दोन वर्षं त्याने माझ्या पायांना गरम लोकरीची फडकी बांधली. तोवर तिसऱ्या बेसवर दुसरा कोणी उभा राहिला होता. डेल्मरने पशुखाद्याच्या गिरणीत चौतीस वर्षं पोती उचलली आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मीही कधी विचारलं नाही. मनाशी मात्र मी ठरवून टाकलं होतं, की त्या वेळी मला कोणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, तू खेळ. आठ वर्षांच्या पोराला कोणी विचारत नसतं, म्हणून हे ठरवणं सोपं गेलं.

२

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी त्या कार्डावर चौथी ओळ होती.

साल चोपन्न. एकशे एकतीस सामने, सरासरी .२८८.

मी चष्मा पुसला. मग भिंग घेतलं. शाई तीच, त्याच जातीचा बारीक टाइप, तिसऱ्या ओळीखाली अगदी मापात बसलेली. जणू तिथे पहिल्यापासूनच जागा सोडलेली होती.

ज्याने कार्डं जमवली नाहीत त्याला यात काही वावगं दिसणार नाही. पण कार्डं वसंतात छापली जातात, हंगाम सुरू होण्याच्या वेळी. त्यामुळे चोपन्नच्या कार्डावर त्रेपन्नपर्यंतचेच आकडे असतात. चालू वर्षाची ओळ कुठल्याच कार्डावर कधी नसते, कारण ते वर्ष अजून कोणी खेळलेलंच नसतं. आणि हे वर्ष तर डेल्मरने जुलैतच सोडलं होतं. एकशे एकतीस सामने कुठून आणणार तो?

मी स्वतःची समजूत घातली. त्र्याहत्तरावं वर्ष, नवी रक्तदाबाची गोळी, त्यात दुपारचा उजेड. गोळीच्या डबीवरची सूचनाही वाचून काढली. तिच्यात चक्कर लिहिली होती, ओळी लिहिल्या नव्हत्या.

३

सोमवारी मी कार्ड घेऊन कॅली पेट्राकिसकडे गेलो. हायवेलगतच्या दुकानांच्या रांगेत, कपडे शिवणारीच्या शेजारी तिचं कार्डांचं दुकान आहे. तीस वर्षांची ओळख आहे. तिचा बाप खेळणी विकायचा, तिने खेळणी काढून टाकली आणि खेळाडू ठेवले.

तिने कार्ड निळ्या दिव्याखाली धरलं. नवा कागद त्या दिव्यात पांढरा चमकतो, जुना पुठ्ठा मेल्यासारखा राहतो. हे कार्ड मेल्यासारखं राहिलं. तिने कड बघितली, वास घेतला.

"अस्सल आहे," ती म्हणाली. "काय, विकायला काढलंस की काय? तब्येत बरी आहे ना तुझी?"

मी म्हटलं, तक्ता वाच. तिने वाचला आणि खांदे उडवले. मी म्हटलं, शेवटची ओळ बघ, चोपन्नच्या कार्डावर चोपन्नचे आकडे कसे? तेव्हा कुठे तिच्या कपाळाला आठी पडली. असली चूक तिने जन्मात पाहिली नव्हती. छापखान्यातल्या कोणीतरी नंतर मुद्दाम केलं असेल, ती म्हणाली, आणि मला कॉफी ओतून दिली.

मी निघताना ती सहज म्हणाली, "तुझा भाऊ तसा नशिबाचा. कितीतरी वर्षं खेळला ना तो?"

"चौदा सामने आणि एक अर्धा हंगाम," मी म्हणालो. "तुला ठाऊक आहे."

"हो का?" ती म्हणाली. ती माझी थट्टा करते आहे असं वाटून मी तिच्याकडे पाहिलं. ती करत नव्हती. आपल्याला असं का वाटलं, हे ती स्वतःच आठवून पाहत होती.

४

पुढच्या रविवारी पंचावन्न साल आलं होतं, .३०२. त्यापुढच्या रविवारी छप्पन्न, .३११. खरं सांगायचं तर त्या .३११ने मला आनंद झाला. तीनशेच्या वर म्हणजे उत्तम फलंदाज. हा खेळला असता तर असाच खेळला असता हे मी आयुष्यभर धरून चाललो होतो, आणि आता ते छापून आलं होतं.

आनंद फार टिकला नाही. मागच्या खोलीत आवाज यायला लागला होता. भट्टीच्या भात्यासारखा, एक लांब ओढ, मग थांबणं, मग सुस्कारा. मी हीटर बंद केला, फ्रीजचा प्लग काढला, पाइपांना कान लावला. आवाज पाइपांमधून येत नव्हता. भर दुपारी, बाहेर शेजारीण कुत्र्याला ओरडत असताना, तो त्या खोलीत एका जागी चालू होता. डोक्याच्या उंचीवर. आणि माझा श्वास त्याच्या उलट पडत होता.

बुधवारी मी डेल्मरला भेटायला गेलो. तो गेलं वर्षभर वृद्धाश्रमात आहे. अर्धांगाचा झटका आल्यापासून फार बोलत नाही, खिडकीकडे तोंड करून पडलेला असतो. मॅरिबेल नावाची परिचारिका त्याचं सगळं बघते. ती म्हणाली, तुमचे भाऊ आता छान जेवायला लागलेत, दोनदा मागून घेतात. मी त्याची उशी नीट करायला वाकलो तर त्याची मान रापलेली दिसली. टोपीखालून जेवढी उघडी राहते तेवढीच, कॉलरपर्यंत. बाहेर गुडघाभर बर्फ होता.

"तुम्ही उन्हात बसवता का यांना?" मी मॅरिबेलला विचारलं.

ती हसली. "कुठल्या उन्हात, साहेब?"

डेल्मरने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. ओळखीचा माणूस आहे खरा, पण नाव आठवत नाही, अशा वेळी आपण जसं पाहतो तसं. मग सभ्यपणे मान हलवली.

५

माझी मुलगी ज्युडिथ दर गुरुवारी सकाळी दहाला फोन करते. मार्चमधल्या एका गुरुवारी फोन वाजला, मी उचलला आणि "बोल गं" म्हणालो.

"माफ करा," ती म्हणाली. "चुकीचा नंबर लागला वाटतं."

तिचाच आवाज होता. मागे माझी नात काहीतरी मागत होती. फोन बंद झाला. मी खुर्चीत बसून राहिलो. चाळीस मिनिटांनी पुन्हा वाजला, आणि ज्युडिथ नेहमीसारखी बोलली, नातीचे दात, जावयाची नोकरी, सगळं. मघाशी तूच केला होतास का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवशी मी रविवारची वाट न बघता कार्ड काढलं. तक्ता अठ्ठावन्नपर्यंत गेला होता. दाटी झाली होती, पण सगळं बसलं होतं. तळाचं वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे की आता नजर त्यावरून नुसती घसरते. त्या दिवशी ती अडकली. तिथे लिहिलं होतं: 'हिवाळ्यात डेल्मर घरी आईजवळ असतो. तो तिचा एकुलता एक.'

मी स्वयंपाकघरात गेलो आणि गॅस पेटवला. कार्ड चिमट्यात धरलं. पुठ्ठ्याचा एवढासा तुकडा, दोन क्षणांत गेला असता. पण त्यावर पाच नव्या वर्षांचा खेळ होता. माझ्यामुळे एकदा गेलेला खेळ मी स्वतःच्या हाताने जाळायचा? मला ते जमलं नाही. मी गॅस बंद केला आणि पोलिओपासून कॅलिपरच्या पट्ट्यांत असलेला पाय ओढत खुर्चीपर्यंत आलो. पायात चावल्यासारखं दुखत होतं, जसं साठ-पासष्ट वर्षांत दुखलं नव्हतं.

डेल्मरलाच विचारायचं, असं मी ठरवलं. काय विचारायचं ते ठरवलं नव्हतं.

६

एप्रिलमधला पहिला शनिवार होता. वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात टीव्हीवर हंगामाचे पहिले सामने चालू होते, आणि ज्यांना ऐकू येत नाही तेही ओरडत होते. मी कॉरिडॉरने डेल्मरच्या खोलीकडे निघालो. तो भात्याचा आवाज माझ्याबरोबर चालत होता. मधे दोनदा भिंतीला टेकून मला थांबावं लागलं. छाती ओढली जात होती आणि हवा येत नव्हती.

दार उघडलं तर आत उन्हाळा होता. कडक, घामट. तेल मालिश केल्याचा आणि चामड्याचा वास. पलंग पलंगाच्या जागी होता, पण त्याच्यावर कोणी नव्हतं. खिडकीशी खुर्चीत एक माणूस माझ्याकडे पाठ करून बसला होता. लोकरीचा राखाडी शर्ट, पाठीवर घामाचा डाग, रापलेली मान. हातात घडी घातलेला पिवळट कागद.

मी सांगतो तेवढंच मला दिसलं. चेहरा दिसला नाही. तो पूर्ण वळलाच नाही.

"या, आजोबा," तो म्हणाला. "सही पाहिजे का?"

मी पुढे जाऊन कार्ड दिलं. दुसरं काय करणार होतो? त्याने ते न बघता गुडघ्यावर उलटं ठेवलं आणि पेन काढलं.

"कोणाच्या नावाने लिहू?"

सही मागणाऱ्याला खेळाडू हे विचारतातच. मी म्हणालो, "ऑरिन."

पेन दोन अक्षरं जाऊन थांबलं. मग त्याने हातातला कागद वर केला आणि म्हणाला, माझ्या धाकट्याचंही हेच नाव. आजारी आहे. आईची तार आली आहे. मॅनेजर म्हणतात पोरं आजारी पडतात आणि बरी होतात, दोन दिवस थांब. आत्ता जागा सोडली तर परत मिळायची नाही.

"तुम्ही वयाने मोठे," तो म्हणाला. "तुमचं काय मत? जाऊ का थांबू?"

आयुष्यभर मी ज्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं, तो मला माझ्या भावाने त्याच्या स्वतःच्या तोंडाने विचारला. उत्तर एका शब्दाचं होतं, थांब. मी तोंड उघडलं आणि हवा आली नाही. आवाज आता खोलीभर झाला होता, ओढ, थांबणं, सुस्कारा, आणि तो माझा नव्हता. पुढे लोकांना सांगायला मी असं म्हणू शकतो की मला ज्युडिथ आठवली, नात आठवली. खरं सांगतो, मला कोणी आठवलं नाही. मला श्वास हवा होता.

मी त्याची बाही पकडली.

"घरी जा," मी म्हणालो. "आजच जा."

तो काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. मी बाही सोडली नाही. तो पुन्हा बोलला, "जातो, आजोबा. जातो म्हटलं ना," आणि त्याचा हात माझ्या हातावर आला. तळव्याला बॅटचे घट्टे होते.

मग मॅरिबेल मला खांद्याला धरून खुर्चीत बसवत होती, आणि पाणी आणते म्हणत होती. बाहेर एप्रिलचा पाऊस होता. डेल्मर पलंगावर खिडकीकडे तोंड करून पडला होता, त्याची मान पांढरीफटक होती.

कार्ड माझ्या मांडीवर होतं. तीन ओळी, .२६८, धाकट्या भावाला खेळ शिकवतो. तक्त्याखालच्या कोऱ्या जागेत विटलेल्या शाईत दोन अक्षरं होती, 'ऑरि', आणि पुढे काही नाही. त्या अक्षरांमुळे कार्डाची किंमत निम्मी होईल असं कॅली नंतर म्हणाली. आधीपासूनच होती ना ती, असंही म्हणाली.

७

यावर मी रात्ररात्र विचार केला असं नाही. मला चांगली झोप लागली. गुरुवारी ज्युडिथचा फोन आला, तिने नातीला बोलायला लावलं, आणि मी तासभर फोन सोडला नाही.

डेल्मरने मला ओळखायला सुरुवात केली, तेवढंच नाही, तो बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, कधीकधी होतं असं. मे महिन्यात एका दुपारी मी त्याला जेली भरवत होतो. तो मध्येच चमचा बाजूला करून म्हणाला, "सेंट लुईसला एक म्हातारा आला होता."

"कोण म्हातारा?"

"सहीला. तार आली त्या दिवशी." शब्द सावकाश, एकेक करून येत होते. "त्याला विचारलं मी. जाऊ का थांबू. परका माणूस खरं सांगेल, म्हटलं."

मी चमचा वाटीत ठेवला. काय म्हणाला तो, असं विचारलं. मी विचारायला नको होतं.

"घरी जा म्हणाला. बाही धरून ठेवली होती माझी. जातो म्हणेपर्यंत सोडली नाही." तो जरा हसला. "पाय लंगडा होता त्याचा. तुझ्यासारखा."

त्याने मला ओळखलं होतं की नाही, हे त्याच्या डोळ्यांवरून मला आजही सांगता येणार नाही. मी म्हणालो, "पण झालं ते बरंच झालं ना, डेल्मर?"

"तू जगलास," तो म्हणाला. "ते बरंच झालं."

मला वाटलं, संपलं. मी वाटी उचलली.

"पण मी त्याला विचारलं ना, ऑरी," तो म्हणाला, "ते त्याने थांब म्हणावं म्हणून विचारलं होतं. मॅनेजरला संघाची पडलेली, बाकी सगळे जा म्हणत होते, आई, पाद्री, सगळे. परक्या एकाने तरी थांब म्हणावं, एवढंच हवं होतं. खेळायचं होतं रे मला."

पाणी मागावं इतक्या साध्या आवाजात तो हे बोलला, आणि पुन्हा खिडकीकडे वळला. मी त्याचं पांघरूण सारखं केलं. संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिलो. माझा श्वास अगदी व्यवस्थित चालला होता.